खंडेनवमीला चालू ठेवलेले दोन कॉम्प्युटर

"याला नको."

मॅडमच्या हातातली थाळी माझ्या कॉम्प्युटरपाशी आली आणि थांबली. कुंकवाचं बोट पुढे आलेलं, ते त्यांनी मागे घेतलं. रुमालाला पुसलं.

"याला नको गं. यात ते सगळं येतं ना. पू, रक्त. पूजेत बरं नाही दिसत."

थाळी किसनच्या कॉम्प्युटरपाशीही थांबली नाही. सरळ मागे वळली. घंटी वाजत होती ती वाजतच राहिली. कुणी वर पाहिलं नाही.

किसन माझ्या शेजारी बसतो. चेण्याच्या पाड्यावरचा आदिवासी पोरगा, शिकून इथे लागलेला. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "ताई, आपल्या मशीनला देव पन भितो."

मला हसू आलं नाही.

हाटकेशच्या एका औद्योगिक गाळ्यात आमचं ऑफिस आहे. खाली पॅकिंगचं काम, वर आम्ही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमची हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर. हळदकुंकू, झेंडूचं फूल, समोर पेढा. सामानाची यादी दरवर्षी मीच करते. ऑफिसातल्या सगळ्याच याद्या मी करते: सुट्ट्या, चहापत्ती, प्रिंटरची शाई. यंदाची फुलंही मीच आणली होती, प्रत्येक मशीनला एक. पूजा झाली आणि परडीत दोन उरली.

मी स्वतः पूजा करत नाही. आम्ही बौद्ध. दसरा हा आमचा दीक्षेचा दिवस. पांढरी साडी नेसून विहारात जायचं. मला त्यांचं कुंकू नको होतं. पण नको म्हणायचं ते मी. माझ्या वतीने त्यांनी म्हणायचं नाही.

आमचं काम सांगते. अमेरिकेतल्या आजारी माणसांच्या जखमांना लागणाऱ्या पट्ट्यांची बिलं आम्ही बनवतो. पायाला मधुमेहाची जखम, अंथरुणाला खिळून पाठीला पडलेली जखम. प्रत्येक पट्टीला विम्याचा एक कोड असतो. जखम केवढी, किती खोल, पाणी किती सुटतं, यावरून पट्टी ठरते, पट्टीवरून कोड. डॉक्टरने लिहिलेलं आणि जखमेचा फोटो जुळला पाहिजे. कोड चुकला की विमा कंपनी बिल परत पाठवते, आणि तिकडे म्हाताऱ्या माणसाच्या घरी पट्ट्यांचं पार्सल जात नाही.

फोटो कुणीतरी बघावेच लागतात. आमच्याकडे ते दोघंच बघतात. मी आणि किसन. मागची रांग, संडासाच्या दाराजवळ, कॉम्प्युटरचे पडदे भिंतीकडे वळवलेले. पुढच्यांना जेवताना दिसू नये म्हणून.

हे असं कसं ठरलं? कुठेही लिहिलेलं नाही. मुलाखतीच्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. आडनावावरून नीट कळलं नाही, म्हणून गाव विचारलं. मी म्हटलं, महाडजवळ.

"गावात कुठली वाडी?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न कळतो. कोकणात जात विचारत नाहीत, वाडी विचारतात. मी सांगितलं, "बौद्धवाडी."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. मग गोड आवाजात, "तुला घाण वगैरे वाटत नाही ना? नाही म्हणजे, तुम्हा लोकांना सवय असते."

मला नोकरी हवी होती. काशीगावातल्या घराचा हप्ता होता. मी म्हटलं, "नाही वाटत." आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले. पुढे किती मुली आल्या. त्यांनी एक फोटो पाहिला की "मॅम, मला उलटी होते" म्हणायचं, आणि लगेच पुढच्या रांगेत खुर्ची मिळायची. किसनलाही पहिल्या आठवड्यात उलटी झाली होती. त्याला लिंबू दिलं आणि परत बसवलं.

माझे आजोबा गावची मेलेली गुरं ओढायचे. गुरं गावाची, ओढायचं आमच्या वाडीने. एके दिवशी वाडीने मिळून ठरवलं, नाही ओढायची. गावाने पाणी तोडलं, वाट अडवली. तरी नाही ओढली. आजोबा हे सांगताना उठून उभे राहायचे. मी त्यांची नात. इंग्रजी शिकले, परीक्षा देऊन मेडिकल कोडिंगचं सर्टिफिकेट घेतलं, आणि एसीत बसून तेच काम माझ्या वाट्याला आलं. फरक एवढाच की दोर नाही, माउस आहे.

जखमेची मला कधीच किळस नव्हती. आजही नाही. माझ्या आईच्या पायाला जखम आहे, रोज मीच पट्टी बदलते. जखम म्हणजे दुखणारं माणूस. किळस मला त्या वाटणीची आहे.

तर खंडेनवमी. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा रिवाज. पेढे वाटून झाले, पुढच्या रांगेतले सगळे कॉम्प्युटर बंद. मुली साड्या सावरत फोटो काढायला लागल्या. मीही पर्स उचलली.

"तू कुठे निघालीस?" मॅडमनी विचारलं. "तुमच्या दोघांच्या मशीनची पूजा नाही झालेली. ते चालतात. अमेरिकेत काय दसरा आहे का? आज सगळ्यांची कामं तुम्ही दोघं बघा."

तेव्हा मला पूर्ण कळलं. आधी विटाळ म्हणून बाजूला ठेवायचं. मग, बाजूला ठेवलंय ना, म्हणून सगळ्यांचं ओझं त्याच्याच पाठीवर. गावातही हिशोब हाच होता.

"कुठली फाइल अर्जंट आहे?" मी विचारलं.

"त्या म्हातारीची. टाचेची जखम. आज गेलं नाही तर तिचं पार्सल अडकेल."

"करते."

मी पर्स ठेवली. पण मागे नाही गेले. पहिल्या रांगेत गेले, पहिल्या टेबलाला. मॅडमचं टेबल. पडद्यावर कुंकवाचा टिळा, वर झेंडूची माळ. मी खुर्ची ओढली, बटण दाबलं. माझ्या नावाने लॉगइन केलं.

"अगं! अगं, काय करतेस? पूजा झालीय त्याची!"

मी फाइल उघडली. म्हाताऱ्या बाईची टाच, काळी पडलेली कड, मधे लाल मांस, शेजारी मापाची पट्टी. वरून माळेतलं एक फूल लोंबत होतं, ते जखमेच्या कडेला टेकलेलं दिसत होतं.

"शी! बंद कर ते! आजच्या दिवशी!"

"मॅडम," मी म्हटलं, "जखम आहे. शी नाही."

"मुद्दाम करतेस तू. तुमच्या लोकांचं हेच असतं. जरा काही झालं की…"

"की काय?"

एक मुलगी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी लांबी वाचली, रुंदी वाचली, डॉक्टरचं लिहिलेलं वाचलं. कोड टाकला. फाइल पाठवली. म्हातारीचं पार्सल जाईल. तिच्याशी माझं भांडण नव्हतं.

मग मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "यापुढे फोटो सगळे बघतील. पाळीपाळीने. यादी मी करते, सगळ्याच याद्या मी करते. पहिली पाळी मॅडमची."

किसन जागेवरून हलला नाही. मान खाली. मी त्याला दोष देत नाही.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. मॅडम त्यांची वहिनी, मराठी माहेरची. मालक चांगले बोलतात, आवाज चढवत नाहीत. "देखो, त्योहार का दिन था, भाभी रो रही है. आप बस सॉरी बोल दो, बात खतम. नहीं तो फिर आप सोच लो."

"सॉरी किस बात का, सर?"

"पूजा का अपमान हुआ ना."

"और मेरा?"

तिकडून फोन ठेवला गेला.

आज दसरा. सकाळी विहारात जाऊन आले. आईच्या पायाची पट्टी बदलली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाईल." ती पाय माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घट्ट बांध. सैल राहिलीय."

दुपारी किसनचा फोन. "ताई, उद्या मी कुठं बसू?"

"ते तू ठरव," मी म्हटलं.

मी माझं ठरवलं आहे. उद्या ऑफिस उघडेल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसेन. पाळ्यांची यादी भिंतीवर लावेन, सगळ्यांच्या नावांची, मॅडमच्या नावासकट. ती फाडली तर दुसरी लावेन. सॉरी म्हणणार नाही. राजीनामा लिहिणार नाही. काढायचं असेल तर कारण लिहून काढा, आणि ते लिहिताना खरं कारण लिहा.

आणि त्या खुर्चीतून मला उठवायचंच असेल, तर कुणालातरी पुढे यावं लागेल. हाताला धरून उठवावं लागेल. मला हात लावावा लागेल.

मी वाट बघतेय.