निराकाराचा बोर्ड

युद्धकलेचं अंतिम सत्य असं आहे की खऱ्या योद्ध्याला आकार नसतो. ज्याला आकार नाही त्याला धरता येत नाही, मारता येत नाही, हरवताही येत नाही. हे सत्य मला मोताळ्यात, पूर्वी सरकी साठवायच्या एका शेडमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी समजलं. तेव्हा माझ्या हातात मुलीची पाण्याची बाटली होती.

त्या शेडमध्ये संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो. शिकवणारे सर दिवसा कृषी सेवा केंद्रात बियाणं आणि तणनाशक विकतात. माणूस भला, अंगानं काटक, वीस वर्षं नेमानं कराटे केलेला. माझी मुलगी पाच वर्षं त्यांच्याकडे जात होती. लढतीत ती कधी चमकली नाही. समोरच्याला लागेल म्हणून हात आखडता घ्यायची. पण तिची काता चोख. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची ठरलेली मालिका, काल्पनिक शत्रूविरुद्ध एकट्यानं करायची. काल्पनिक शत्रूला लागत नसल्यामुळे ती तिथं निर्धास्त असे. त्या वर्षी ती नववीत होती, आणि बुलढाण्याच्या जिल्हा स्पर्धेत कातामध्ये उतरायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल. डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितला म्हणून मीही मागच्या रांगेत उभा राहू लागलो होतो.

दिवाळीनंतर सर कुठल्याशा डोंगरावर दहा दिवसांचं शिबिर करून आले. आल्यापासून ते तत्त्वज्ञान प्रमाण मराठीत बोलत आणि बाकी सगळं वऱ्हाडीत.

"आजपासून काता बंद," त्यांनी जाहीर केलं. "काता हा पिंजरा आहे. हल्ला कसा येणार हे ठाऊक नसताना उत्तर आधीच पाठ करून काय उपयोग? जसा प्रसंग, तसे व्हा. पाण्यासारखे."

"सर, पाणी आठ दिवसांनं येते," मागून कुणीतरी म्हणालं.

मला लोणारचं सरोवर आठवलं. ते पाणी कुठंही वाहत जात नाही, कुणाशी जुळवून घेत नाही, पिण्याच्या कामाचं नाही, आणि तरी लोक लांबून त्यालाच बघायला येतात. पण मी गप्प राहिलो. साखरेच्या माणसानं वर्गात मागेच राहावं.

"मंग स्पर्धेचं काय, सर?" मुलीनं विचारलं.

"स्पर्धा हाही एक आकारच आहे."

"पण मले जाचं हाय."

"जाय ना वं. कोन नाही म्हन्ते? पण निराकार होऊन जाय."

वर्गाचं नावही बदललं: निराकार युद्धकला वर्ग. बोर्ड रंगवायला जो पेंटर आला, त्याचा जन्म ग्रामपंचायतींच्या भिंतींवर सरकारी योजना लिहिण्यात गेलेला. त्याच्या हाताला जो शब्द माहीत होता तो त्यानं लाल ऑइलपेंटमध्ये, फार देखण्या अक्षरात लिहिला.

"हे काय लिहून ठेवलं बे?" सर म्हणाले. "निराधार?"

"तुमीच तं सांगतलं."

"निराकार सांगतलं होतं."

"असा शब्द राह्यते का?" पेंटरनं प्रामाणिकपणे विचारलं. मग म्हणाला, "वाळू द्या. आठ दिवसांनं येतो." तो आला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी पिशवीत कागद घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. "साहेब, निराधारचा फारम इथीच भरते ना?" सरांनी तिला समजावून परत पाठवलं. त्यानंतर आणखी दोघी आल्या. त्यांना मात्र सरांनी खुर्ची दिली आणि फॉर्म भरून दिले. जसा प्रसंग तसं होणं ते हेच असावं, असं मला वाटलं.

कातेविना वर्ग सुरू झाला. ज्याला जे सुचेल ते त्यानं करायचं. आठवडाभरात सगळ्यांना एकच गोष्ट सुचू लागली, ती म्हणजे मागं सरकणं. मग एका संध्याकाळी सरांनी मला पुढं बोलावलं. "भाऊ, मारा मले. कसंबी मारा." मी पुस्तकावरची धूळ झटकावी तसा हात फिरवला. सरांचा डावा हात वर गेला, कंबर वळली, टाच जमिनीत रुतली, आणि माझा हात हवेत कुठंतरी राहिला. सगळे बघत राहिले.

"सर," माझी मुलगी म्हणाली, "हे तं दुसऱ्या कातेतलं सातवं पाऊल हाय."

सरांनी रुतलेली टाच उचलून सरळ केली. "ते आपोआप झालं."

"हाव. मले बी आपोआपच पाहिजे. म्हनून तं काता करू द्या म्हन्तो."

मला माझी आई आठवली. भाजीत मीठ किती टाकायचं असं विचारलं की ती म्हणायची, अंदाजानं. तिचा अंदाज चाळीस वर्षांचा होता. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिली भाजी केली तेव्हा तिचा चार दिवसांचा होता, आणि ती भाजी आम्ही सर्वांनी मुकाट्यानं खाल्ली. आकार सोडा, हे खरंच असेल. पण सोडायला आधी तो हातात असावा लागतो.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी पहाटे गच्चीवर काता करू लागली आणि मी आकडे म्हणू लागलो. इच, नी, सान, शी. चाराला जपानीत शी म्हणतात. दर वेळी तिथं तिला हसू यायचं आणि पाऊल चुकायचं. शेवटी आम्ही चाराला चारच म्हणायचं ठरवलं.

स्पर्धेच्या नोंदणीसाठी आयोजकांचा फोन आला तेव्हा सर दुकानात गिऱ्हाइकाला तणनाशकाचं प्रमाण समजावत होते. वर्गाचं नाव नीट लिहून पाठवा, असं आयोजक म्हणाले. सरांनी मोबाइलमधला बोर्डाचा फोटो पाठवून दिला.

बुलढाण्याला मॅटवर जायच्या आधी सर तिला म्हणाले, "जे सुचन ते कर." कातेच्या स्पर्धेत आधी कातेचं नाव मोठ्यानं सांगावं लागतं. तिनं वाकून नमस्कार केला, पंचांकडे बघून नाव सांगितलं आणि गच्चीवर केली तशीच काता केली. चौथ्या पावलाला ती हसली नाही. तिचा तिसरा क्रमांक आला.

सरांचे डोळे भरून आले होते. "पाह्यलं भाऊ? कातेत शिरली अन् काताच झाली. निराकार दुसरं काय राह्यते?" या तत्त्वाची ही एक सोय आहे. ते कुठल्याही निकालात मावतं.

बक्षीस घेऊन मुलगी धावतच माझ्याकडे आली. प्रमाणपत्रावर तिचं नाव होतं, खाली क्रमांक, आणि त्याखाली ठळक अक्षरात: निराधार युद्धकला वर्ग, मोताळा. मी टेबलापाशी जाऊन दुरुस्तीचं विचारलं. तिथल्या बाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं की लॅमिनेशन झालेलं आहे.