मामांच्या ड्रमचा निळा

माझ्या बायकोच्या मामांइतका रंगाच्या बाबतीत चोखंदळ माणूस अख्ख्या बेंगळुरूत सापडायचा नाही, आणि त्यांच्या ड्रमचा रंग घालवणारा माणूस मी आहे, हे आधीच कबूल करतो. पंधरा वर्षांपूर्वी ऑफिसच्या स्नेहसंमेलनासाठी मी त्यांचा जुना ड्रमसेट मागून नेला. परत देताना नेला त्याहून चकचकीत द्यावा म्हणून थिनरने पुसला. त्यावरचं मोत्याची झाक असलेलं निळं आवरण पांढुरकं पडलं. मी गवसण्या चढवून सेट गुपचूप पोचवला. महिन्याभराने मामांनी त्या काढल्या, मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि स्वतःवरच चिडून म्हणाले, "ओल. ज्याला वस्तू सांभाळता येत नाही, त्याने ती वाजवू नये." मी मान डोलावली.

तेव्हापासून मामा ड्रमवर बसले नाहीत. बाकी सगळ्यावर वाजवत राहिले. पापड आधी बोटाने वाजवून बघतात, मग खातात. कुकरच्या शिट्ट्या लयीत आल्या नाहीत तर मामींना म्हणतात, "आज स्वल्प घाई झाली तुझी." एकदा जयनगरला जाताना त्यांनी रिक्षावाल्याच्या सीटच्या पाठीवर ताल धरला. मी ओशाळलो, पण रिक्षावाला म्हणाला, "वाजवा सार, सिग्नल मोठा आहे."

यंदा मामींनी हट्ट धरून सेट दुरुस्त करून घेतला. लाकूड, कड्या, स्क्रू सगळं झालं. उरलं फक्त नवं आवरण. मामा नमुन्यांचे तुकडे स्टीलच्या डब्यात घालून गावभर हिंडले. एका साडीच्या दुकानात तर छटा जुळवण्यासाठी त्यांनी अठरा साड्या उलगडायला लावल्या. "बाईसाठी नको, ड्रमसाठी हवंय," असं त्यांनी सांगितल्यावर दुकानदाराने शांतपणे विचारलं, "ब्लाउजपीस लागेल का?"

आणि एवढं करून परवाच्या रविवारी त्यांनी साधा काळा ठरवला.

"निळाच हवाय त्यांना," मामी मला म्हणाल्या. "रोज तोच तुकडा काढून बघत बसतात."

"माझ्याकडे निळा टिकत नाही," मामा म्हणाले. "काळा बरा. काही झालं तरी दिसत नाही."

मी हातातला घास ताटलीत ठेवला. "मामा, ओल नव्हती ती. मी थिनरने पुसलं होतं."

टेबलावर ताल धरलेली मामांची बोटं थांबली. मामींनी हातातला कॉफीचा पेला टेबलावर ठेवला.

"दोनदा गिलावा केला मी त्या भिंतीला," मामा हळूच म्हणाले. मग त्यांनी नमुन्यांचा डबा ओढला, तळाचा निळा तुकडा काढून खिडकीशी उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. वळले तेव्हा तो त्यांच्या मुठीतच होता.

"बोलला का नाहीस रे?"

"भीती वाटली. मग तुम्ही ड्रमवर बसणं सोडलंत. ते दिसत होतं, तरी गप्प राहिलो. रंग घालवला त्यापेक्षा हे वाईट केलं. मला माफ करा, मामा."