एक उधाण, एक भांग

बाईंना किळस यायला फार काही लागत नसे. दुधावरची साय, थुंकी लावून उलटलेलं पान, बसच्या खिडकीवरचा कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग. आणि या सगळ्यांहून जास्त किळस दुसऱ्याने पाठवलेल्या कोडची. बोर्डीच्या घरी चिकूच्या वाडीकडे तोंड करून त्या लॅपटॉप उघडत, दोन-चार ओळी वाचत आणि चक्क पदर नाकाला लावत. स्क्रीनला वास येत नाही, हे त्यांना सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

डहाणूच्या कॉलेजात त्यांनी मला भौतिकशास्त्र शिकवलं. पुढे मी तलासरीला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागलो आणि त्या निवृत्त होऊन भरती-ओहोटीच्या मागे लागल्या. नरपडपासून बोर्डीपर्यंत पाणी कधी चढेल, कधी उतरेल ते फोनवर सांगणारं ॲप त्यांनी लिहिलं. ते ओपन सोर्स होतं, म्हणजे आतला कोड जगाला खुला. कुणीही सुधारणा सुचवावी, घ्यायची की नाही ते बाई ठरवणार. अशा खुल्या दारातून किती घाण आत येते ते मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. सर्टिफिकेटसाठी कॉलेजची पोरं माहितीच्या पानावर एक पूर्णविराम टाकून 'माझं योगदान' म्हणून पाठवत. कुणी स्वतःचं नावच चार ठिकाणी घुसडून देई. अलीकडे तर यंत्राकडून लिहून घेतलेला लांबलचक कोड येऊ लागला होता, सोबत गोड गोड पत्र. पाठवणाऱ्यानेही तो वाचलेला नसे. "दुसऱ्याचं उष्टं, आणि तेही वाढणाऱ्याने पाहिलेलं नाही," बाई म्हणत.

त्यांच्याकडे घाणीच्या तीन पायऱ्या होत्या. कचरा, घाण आणि गंदुं. मराठीने काम भागेनासं झालं की त्या गुजरातीत शिरत. गंदुं म्हटलं की विषय संपला. पण 'कचरा' म्हटलं असेल तर आशा असे. वाणगाव स्टेशनवरच्या एका रेल्वे कारकुनाने एक साधी दुरुस्ती सात वेळा पाठवली आणि बाईंनी ती सात वेळा 'कचरा' म्हणून परत केली. आठव्या वेळी त्या चिकूंची पिशवी घेऊन स्वतः वाणगावला गेल्या, फलाटावरच्या बाकावर त्याच्याशेजारी बसल्या आणि त्याच्याकडूनच ती नीट करून घेतली. त्या माणसाचं नाव पुढे त्या कौतुकाने घेत. माझं कधी घेतल्याचं आठवत नाही.

बाईंचा एक नियम मात्र सगळ्या जगाच्या चेष्टेचा विषय झाला होता. नवा कोड मुख्य शाखेत, म्हणजे लोकांच्या फोनवर जाणाऱ्या कोडमध्ये, थेट जात नसे. त्याच्यासाठी वेगळी शाखा काढायची, तिचं नाव 'ओटी'. आलेला पाहुणा आधी ओटीवर बसतो, स्वयंपाकघरात घुसत नाही, इतका साधा हिशेब. तिथे त्याने एक उधाण आणि एक भांग पाहायचा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती आणि अष्टमीच्या आसपासची मरगळलेली भरती, दोन्ही. रोज नरपडच्या मंजुळामावशी खडकांवरून फोन करून खरं पाणी कधी उतरलं ते सांगणार, आणि ओटीवरच्या कोडने दिलेली वेळ त्याच्याशी जुळली, तरच मर्ज, म्हणजे मुख्य शाखेत प्रवेश. मंजुळामावशी कालवं काढतात. पाण्याच्या वेळेवर त्यांचं पोट आहे. परदेशातून लोक लिहीत, "आठ-दहा दिवस? ही बैलगाडी आहे का?" बाई उत्तरच देत नसत.

मला त्या टोमण्यांची लाज वाटायची. आता त्या लाजेचीच किळस येते.

बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बडोद्याला लेकीकडे गेल्या आणि मुख्य शाखेची चावी माझ्याकडे आली. त्याच आठवड्यात एका फार हुशार माणसाचा कोड आला. देखणा, आटोपशीर. आपल्या किनाऱ्यासाठी बाईंनी घातलेल्या किचकट दुरुस्त्या त्याने काढून एकच सुटसुटीत सूत्र बसवलं होतं. पत्रात माझी स्तुती होती आणि शेवटी एक प्रश्न, "इतकं उघड असताना वाट कशाची पाहायची?" पौर्णिमा होती. उधाणाच्या तिन्ही दिवशी त्याची वेळ मंजुळामावशींच्या वेळेशी मिनिटाला मिनिट जुळली. चौथ्या दिवशी मी मर्ज केलं. भांगाला थांबलो नाही. त्या माणसाने मला अंगठा पाठवला आणि मी दिवसभर खुशीत होतो.

अष्टमीला ॲपने मंजुळामावशींना सव्वा तास उशिराची ओहोटी दाखवली. त्या तिच्या भरवशावर लांबच्या खडकावर गेल्या, आणि कालवं काढत वाकलेल्या असताना मागून पाणी भरलं. छातीएवढ्या पाण्यातून, कालवांच्या धारदार शिंपल्यांवरून चालत त्या परत आल्या. टोपली गेली, कोयती गेली, तळपाय फाटले.

डोळ्याला हिरवी पट्टी तशीच ठेवून बाई तिसऱ्या दिवशी परतल्या. कोड मागे घेता येतो. तो त्यांनी दोन मिनिटांत घेतला. मग मला घेऊन नरपडला गेल्या. मंजुळामावशी पाय पसरून ओट्यावर बसल्या होत्या. आजूबाजूची माणसं जमली.

"तिथी मोजायची सोडलेली मी, बाई," मावशी म्हणाल्या. "तुमच्या फोनवर सोडलेलं सगळं."

"पुन्हा मोजायला लागा," बाई म्हणाल्या. "ॲप माझं आहे, चूक माझी आहे. ते काढून टाका."

त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस त्या घरोघर फिरल्या. जिथे जिथे ते ॲप होतं तिथे समोर उभं राहून काढायला लावलं. मी त्यांची पिशवी धरून मागे चालत होतो. कुणी "एवढी शिकलेली बाई!" म्हणालं, कुणी तोंडावर दार लावलं. मी एकदाही तोंड उघडलं नाही. बाईंनीही ना तिथे माझं नाव घेतलं, ना घरी परतल्यावर मला एक शब्द ऐकवला. मला 'गंदुं' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या पावसाळ्यानंतर बाई गेल्या. शेवटपर्यंत नरपडमध्ये त्यांची ओळख राहिली ती चुकीची वेळ सांगणारी बाई म्हणूनच. कोड आता माझ्याकडे आहे. कचरा अजून रोज येतो, मी अजून नाक मुरडतो, आणि उधाण-भांग झाल्याशिवाय एक ओळही आत घेत नाही.

बाईंच्या तेराव्यानंतर मी नरपडला गेलो. मंजुळामावशी कालवं फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मावशी, ते बाईंनी केलं नव्हतं. मी केलं होतं."

त्यांनी हातातलं कालव फोडलं, मांस वाटीत टाकलं.

"मना ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तवा सगळी बाईंच्या तोंडाकडं बघत होती. तू एकलाच माज्या पायाकडं बघत होतास."

त्यांनी पुढचं कालव उचललं.

"बाई होत्या तवा सांगाचं होतंस."