चारकोपला फेरी मारणारा प्रकाश

चिपळूणहून निघताना सुलभाताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, पिशवीत फणसपोळी भरली आणि माझ्या डोक्यात एक निरोप. "केतकीला सांग, ते प्रकाश वळवायचं वेड पुरे झालं. जुन्या नोकरीत अजून परत घेतायत, मुकाट्याने जा म्हणावं." मायलेकी फोनवर बोलायला लागल्या की पाचव्या वाक्याला वाजतं, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे.

सकाळी बोरीवलीला बसमधून उतरून चारकोपची रिक्षा धरली. चारकोप म्हणजे सगळे सेक्टरच सेक्टर, आणि मला सगळे सारखेच दिसत होते. पत्ता मोबाइलमध्ये होता, पण चष्मा सापडेना.

"जरा थांबवा हो," मी म्हटलं.

"मावशी, इथे थांबलो तर ट्रॅफिकवाला मामा पावती फाडेल. मी चौकाला फेरी मारतो, तुम्ही आरामात वाचा ना."

दोन फेऱ्या झाल्यावर चष्मा सापडला, गळ्यातच होता.

केतकीचा गाळा (औद्योगिक वसाहतीतली कारखान्याची खोली) दुसऱ्या मजल्यावर. शेजारी बटणांचा कारखाना, त्याची खडखड भिंतीतून ऐकू येते. "मावशी, कशाला हात लावू नकोस गं!" हे माझं स्वागत. मग तिने मला फणसपोळीसकट मिठी मारली.

उसळपाव खाता खाता मी खोदून खोदून विचारलं. आपला फोनवरचा निरोप काचेच्या तारेतून प्रकाश होऊन धावतो. ती त्याला पॅकेट म्हणते, मी निरोपच म्हणते. प्रत्येक नाक्यावर त्याची वीज करायची, पत्ता वाचायचा, पुन्हा प्रकाश करून पुढे धाडायचा, यात वेळ जातो. केतकी तो पत्ता प्रकाशातच वाचून निरोप परस्पर वळवू बघतेय.

"मग वाचेपर्यंत थांबवायचं त्याला."

"प्रकाशाला थांब म्हणता येत नाही ना, तीच तर कटकट! म्हणून त्याला फिरवायचं." तिने केसाएवढ्या काचेच्या तारेचं रीळ दाखवलं. "पत्ता वाचून दार उघडेपर्यंत तो यात फेरी मारतो."

मी रिक्षाची गोष्ट सांगितली. ती खो खो हसली, मग तिने रीळ खाली ठेवलं. "वाट लागलीय, मावशी. दार उघडायच्या आधीच पोचतोय तो, आणि चुकीच्या दारात जातोय. उद्या पैसे गुंतवणारी माणसं हे बघायला येणार. त्यांना पटलं नाही तर मी गाळा सोडणार."

मुंबईत कुणीतरी वेळेआधी पोचतंय याचं मला कौतुक वाटलं, पण बोलले नाही. ताईचा निरोप सांगायची हीच वेळ होती. अगदी ओठांवर आला होता.

"मग आता काय करणार?" तोंडातून हेच निघालं.

"फेरी लांबवणार."

तिने तार कापली, पुसली, लांब तारेचं दुसरं रीळ जोडलं. जोडताना बारीकशी ठिणगी उडाली. मी प्रकाशाची वाट बघत बसले, पण तो डोळ्यांना दिसतच नाही म्हणे! पडद्यावर दोन दारांच्या दोन रेघा होत्या; पहिल्या दाराची सपाट राहिली आणि दुसऱ्या दाराची टेकडीसारखी वर आली. पुन्हा आली. पुन्हा.

"दोन नंबरच्या दारातच पाठवायचा होता, तिथेच गेला! झकास!" केतकी ओरडली. मला का कोण जाणे रडू आलं.

संध्याकाळी बोरीवलीला परतीच्या बसमध्ये बसते न बसते तोच ताईचा फोन. "दिलास का निरोप?"

"नाही गं. अजून फेरी मारतोय."

"म्हणजे?"

"पोचवायची घाई केली असती तर चुकीच्या दारात गेला असता."

 

ताई हळूच म्हणाली, "वळला का गं तिचा प्रकाश?"