तीन खड्ड्यांचं पाणी

पाण्यात हात घालायचा, तो नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "अजून दमलेलं हाय. बसू द्या त्याला." कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या गावात गटाराच्या पाण्याबद्दल इतक्या मायेनं बोलणारे आबा एकटेच. तुमच्याही गावात असा एखादा असेल. लोक त्याला वेडा म्हणतात आणि नाकाला रुमाल लावून त्याच्या बांधावरून जातात.

आबांचं तारुण्य मेंढरांमागं गेलेलं. खतासाठी मेंढरं रानात बसवायची, पण एकाच जागी रोज नाही. मेंढरांचा वाडा दररोज पुढं सरकवायचा. म्हातारपणी आबांनी हाच हिशेब गटाराला लावला. गावाच्या उताराला त्यांचं अर्धा एकर रान होतं. मोऱ्यांचं, धुण्याभांड्यांचं पाणी तिथं तीन खड्ड्यांत मुक्काम करी. पहिल्यात गाळ बसे, दुसऱ्यात खडी आणि कर्दळ, तिसऱ्यातून निघालेलं पाणी रोज नव्या वाफ्यात. गाळ वाळवून त्याचं खत करायचं. पीक मात्र एकच, हत्तीगवत. "माणसाच्या तोंडात जानारं ह्याच्यावर लावायचं न्हाई." बायकोनं एकदा कोथिंबीर टाकली, ती त्यांनी उपटून फेकली. भर उन्हाळ्यात त्यांच्या दोन म्हशी त्याच गवतावर जगत.

तेव्हा, नव्वदच्या दशकात, ओढ्याला कारखान्याचं रंगीत पाणी यायला लागलं होतं. मी विशीतला, पेटलेला. पत्रक काढलं : 'सांडपाण्याचा प्रत्येक थेंब विष आहे! ते शेतात घेणारे गावाचे शत्रू आहेत!'

आबा पत्रक घेऊन दारात आले. "पुढारी, मला वाचाय येत न्हाई. वाचून दाखव."

खणखणीत सुरुवात केली. शेवटच्या ओळीआधी मात्र पत्रक मिटलं.

"लई झ्याक लिवलंय," आबा म्हणाले. "आता सांग, माझं पानी कवा बघितलंस?"

"न्हाई बघितलं, आबा."

"मंग चल की."

बघितलं. तिसऱ्या खड्ड्यात तळाचे खडे दिसत होते.

पण उशीर झाला होता. माझंच पत्रक हातात धरून ग्रामसभेत ठराव आला : आबांच्या खड्ड्यांकडं पाणी नेणारी चारी बुजवा, गटाराचं पाणी सिमेंटच्या पाइपानं थेट नदीत सोडा. मी उठून म्हणालो, माझं चुकलं. कारखान्याचं पाणी वेगळं, हे वेगळं.

"परवा इख, आन् आज तीर्थ व्हय रं?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. आबाही हसले. मग शांतपणे म्हणाले, "नदीत सोडाल, पन खालच्यांनी काय प्यायचं?"

हात वर झाले, ठराव मंजूर झाला.

पुढच्या उन्हाळ्यात गवत वाळलं, म्हशी बाजारात गेल्या. आबा खुटबावला लेकीकडं निघाले. जगलेल्या चार ठोंबांचं ओलं पोतं मी एसटीत चढवलं.

"आजोबा, गवताला बी हाफ तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला.

"काढतो की. पर मंग खिडकी त्याला दे."

दोन वर्षांनी आबा गेल्याचा निरोप आला. घरात बसवेना, म्हणून नदीवर गेलो. पाइपाच्या तोंडातून काळं पाणी धारेनं पडत होतं. थोडं खाली एक बाई हंडा बुडवत होती. मी हात हलवत, ओरडत तिच्याकडं धावत सुटलो.