सारवण वाळेपर्यंत

"शेणाची पाटी आणा," असं मी म्हटलं आणि बायजाबाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"बाई, तुमी? शेन?" त्या म्हणाल्या. "बाळातिनीच्या खोलीत शेनाचा हात दिसला तरी घर डोक्यावर घेत हुता. आन आता तुमीच पाटी मागताय व्हय?"

त्यांचं खरं होतं. मी ए.एन.एम., म्हणजे गावोगाव पायी फिरून बाळंतपणं करणारी सरकारी नर्स. जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडच्या वस्त्या माझ्याकडे होत्या. सत्तर-एकाहत्तरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्या भागात नाळ कापली की बेंबीवर शेण नाहीतर राख लावायचे. त्यातून धनुर्वात व्हायचा. मूल दूध ओढेनासं व्हायचं, ताठ व्हायचं आणि जायचं. असली मुलं मी मांडीवर घेतलेली आहेत. त्यामुळे बाळंतिणीजवळ शेण दिसलं की माझं डोकं फिरायचं. मी तोंडाची फटकळ. सासवा मला बघून पाट्या लपवायच्या.

आणि आता मला शेण हवं होतं, तेही बाळंतिणीच्याच हातात द्यायला.

बाळंतीण म्हणजे कला, बायजाबाईंची सून. पहिलटकरीण. तिला आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मीच केलं. मुलगा झाला, काही अडलं नाही. नवरा कोयत्याला गेलेला, म्हणजे ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर. घरात बायजाबाई, सासरे आबा आणि ही.

रिवाजाप्रमाणे बाळंतीण सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत. खाली शेगडी, वर बाज, दाराला पोतं. सव्वा महिना झाला की न्हाऊन देवाच्या पाया पडायचं आणि कामाला लागायचं. कलाचा सव्वा महिना संपला, पण ती बाहेर आलीच नाही. भिंतीला टेकून बसून राहायची. मूल रडलं तरी मान वळवायची नाही. बायजाबाई मूल जबरदस्तीनं छातीशी लावायच्या तेव्हा ती हात दोन्ही बाजूंना पसरून ठेवायची. मुलाला धरायचीच नाही.

"का गं?" मी विचारलं.

"पडंल हातातनं," ती म्हणाली. "हे हात माझं न्हाईत."

एवढंच. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

आज याला पोस्टपार्टम डिप्रेशन म्हणतात. बाळंतपणानंतर काही आयांचं मन असं खोल खचतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. गाव तर 'बाहेरचं लागलं' म्हणून मोकळं व्हायचं. दंडाला दोरा बांधून झाला होता, लिंबू उतरवून झालं होतं. माझा वजनकाटा मात्र दोऱ्याला जुमानत नव्हता. मुलाला झोळीत टांगलं की काटा दर खेपेला थोडा मागे.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरसाहेबांना सांगितलं. तरुण माणूस, भला, पण वरून कुटुंबनियोजनाच्या टार्गेटनं पिचलेला.

"झोपेच्या गोळ्या देता येतील," ते म्हणाले. "पण मग अंगावर पाजणं बंद करावं लागेल. एवढ्यात नको. तिला चालती-फिरती ठेवा, सिस्टर. पडून राहिली तर आणखी खचेल. नाहीच उतार पडला तर पुण्याला, मानसिक आजारांच्या इस्पितळात."

पुण्याचं कसं कुणास ठाऊक, वस्तीवर पोचलं. आबांनी लगेच ठरवून टाकलं. त्यांची लेक पलीकडच्या गावात दिलेली, तिच्याही अंगावर तान्हं होतं. येत्या बाजारच्या दिवशी बैलगाडीतून मूल तिच्याकडे पोचवायचं, आणि कलाला तिच्या भावाकडे सोडायचं.

"येडी ठरली तर आमी काय करायचं, बाई? निदान पोर तरी जगंल," आबा म्हणाले.

मला राग आला, पण माणूस वाईट बोलत नव्हता. मूल गेलं की आईचं दूध आटणार. आणि वेडी म्हणून माहेरी सोडलेली बाई आमच्याकडे परत नांदायला आलेली मी तरी पाहिली नव्हती. हे मूल तिचं राहणार की नाही, ते बाजारच्या दिवसापर्यंत ठरणार होतं.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी तिला अंगणात चालवायला काढलं. तीही निमूट चालली. दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि ती एकदम विहिरीकडे वळली. काठावर जाऊन आत बघत उभी राहिली. मी तिचं कोपर घट्ट धरलं.  बायजाबाईंनी ते ओसरीतून पाहिलं. तिथून चालणं बंद. दाराचं पोतं बांधून टाकलं आणि म्हातारी स्वतः उंबऱ्याशी आडवी झोपायला लागली. त्यांना तरी काय म्हणणार!

दुसऱ्या दिवशी मी आत तिच्याजवळ जमिनीवर बसले. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती बोटानं जमीन उकरत होती. शेगडीच्या धगीनं तिथलं सारवण सुटलं होतं.

"पोपडं धरलंत," ती आपल्याशीच म्हणाली. "माती न्हाई मिसळली नीट."

इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच आपणहून काहीतरी पाहिलं होतं, आणि त्यात चूकही काढली होती. मी बाहेर येऊन विचारलं तर बायजाबाई म्हणाल्या, "तिच्यावानी सारवन हितं कुनाचं न्हाई. लगीन झाल्यावर शेजारनी बघाय आल्या हुत्या."

म्हणून मी पाटी मागितली. अंगावरून जाणं थांबलंय याची खात्री करून घेतली. मुलाची बेंबी तर कधीच वाळली होती. एकच अट घातली: काम झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच मुलाजवळ.

"आंगनात नको," बायजाबाई म्हणाल्या.

"अंगणात नाहीच. ह्याच खोलीत."

पोतं सोडलं, उजेड आत आला. शेण-माती कालवलेली पाटी तिच्यापुढे ठेवली. ती नुसती बघत राहिली. मी तिचा हात धरून पाटीत घातला.

आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर अडलेल्या बाईला कळांच्या वेळी सांगायच्या, पुढचं-मागचं सोड, फक्त श्वास येतोय-जातोय तिकडे बघ. मी तेच हातावर आणलं. म्हटलं, "कला, हात कुठं जातो ते बघ. हाताला काय लागतंय तेवढंच मला सांग. बाकी काही नको."

तिनं मूठभर शेण जमिनीवर टाकलं. मग तिचा हात फिरला.

"गार हाय," ती म्हणाली.

"अजून?"

"काडी हाय." तिनं काडी काढून बाजूला टाकली. "हितं खड्डा लागतुय."

सारवताना बाई पलीकडच्या भिंतीपासून सुरू करते आणि मागे मागे सरकत दाराकडे येते. नाहीतर ओल्यात अडकेल. कलाही तशीच सरकत आली. कंबरेतून वाकायचं, हात लांब टाकायचा, अर्धगोल आपल्याकडे ओढायचा. घाम आला तिला. उंबरा आला आणि ती पाठमोरीच बाहेर पडली, उन्हात. तिच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं तेव्हा ती परत आत निघाली.

"ए! वल्यावर पाय देशील!" बायजाबाई ओरडल्या.

आणि कला थांबली. तोवर बायजाबाईंच्या कुठल्याही हाकेनं ती थांबली नव्हती. पण स्वतःच्या ओल्या सारवणावर पाय देणारी बाई त्या मुलखात जन्मायची होती. सारवण वाळेपर्यंत ती बाहेर भिंतीला टेकून बसली. बायजाबाई मूल घेऊन शेजारी बसल्या. ती मुलाकडे बघत नव्हती, पण उठूनही गेली नाही.

मग मी रोज जायला लागले. रोज खोलीचा एक तुकडा, रोज तेच विचारणं, आणि वाळेपर्यंत ऊन. साहेबांच्या कानावर गेलंच.

"सिस्टर, सरकारनं तुम्हाला सारवायला नेमलंय का?"

"नाही, साहेब."

"शेण, आणि तेही बाळंतिणीला! तुम्हीच तर भांडायचात."

"हात माझ्यासमोर धुवून घेते, साहेब. तुम्हीच म्हणालात चालती-फिरती ठेवा. चालली तर विहिरीकडे जाते. सारवताना दाराकडे येते."

त्यांनी नोंदवही पुढे ओढली. "वजन?"

"अजून खालीच."

"मग आबांना अडवू नका. मूल जगायला हवं."

 त्यांचंही बरोबरच होतं.

बाजारच्या दिवशी सकाळी मी पोचले तर गाडी जुंपलेली. मुलाची झबली-दुपटी गाठोड्यात बांधलेली. मी खोलीत डोकावले. सगळी जमीन सारवून आरशासारखी झालेली, हात फिरवायला जागा नव्हती. फक्त मधोमध एवढा मोठा तुकडा कुणीतरी उकरून ठेवला होता.

"हे कुणी केलं?" मी तडकलेच.

"उंदरानं," बायजाबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या.

दारामागे खुरपं होतं. त्याला माती लागलेली.

"बायजाबाई!"

"म्याच उकरलं," त्या म्हणाल्या. "सारवाय जागाच न्हाई उरली, तर ती भाईर कशी यील, बाई?"

मला त्यांच्यावर इतके दिवस केलेल्या सगळ्या आरडाओरड्याची लाज वाटली. पाटी त्यांनी आधीच कालवून ठेवली होती. कलानं तो तुकडा सारवला. आबा गाडीजवळ उभे. मूल बायजाबाईंच्या मांडीवर, ते रडायला लागलं. आबा म्हणाले, "चला आता, ऊन व्हायच्या आत."

कला उंबऱ्याबाहेर आली. वळली. गाठोडं पाहिलं, गाडी पाहिली, मग स्वतःचे हात पाहिले. कोपरापर्यंत शेणानं भरलेले.

"मामंजी," ती आबांना म्हणाली, "हातावर पानी घाला."

आबांना कळेना. मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाणी घातलं. तिनं साबण आपणहून मागितला. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, सगळं धुतलं. मग बायजाबाईंपुढे बसून हात पुढे केले.  मुलाखाली मी माझा हात धरला, टेकवला मात्र नाही.

"काय लागतंय हाताला?" मी विचारलं.

"गरम हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मूल छातीशी लागलं.

आबांनी बैल सोडले.

त्या दिवसानं सगळं बरं झालं असं नाही. पुढे वाईट दिवस आले, आणि बायजाबाईंचा उंदीर आणखी काही वेळा येऊन गेला. काटा मात्र हळूहळू पुढे सरकला. दुसऱ्या बाळंतपणात कलाला तोच त्रास पुन्हा झाला. त्या खेपेला दोरा नाही, लिंबू नाही, बायजाबाई स्वतः माझ्या उपकेंद्रावर येऊन म्हणाल्या, "चला, तिचं हात परत परक्याचं झाल्यात."

मी निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. आता घरोघरी फरशी आहे, सारवा म्हणून कुणाला सांगत नाही. पण कुणाची बाळंतीण गप्प झाली असं कानावर आलं तर सांगते: डॉक्टरला दाखवाच. पण तिला आरामाच्या नावाखाली कोंडू नका. तिला जमतं असं हातांचं काम द्या, रोज उन्हात आणा, आणि लगेच आत जाऊ देऊ नका. आणि साबण ठेवा जवळ.