माझं न्हाई लिवा

"भाऊसाहेब, माझं न्हाई लिवा," म्हणत तो उजवा हात वर करायचा. त्या हाताला तीनच बोटं. दोन पिरंगुटच्या कारखान्यात प्रेसखाली गेलेली. मी आमच्या ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक होतो; तो सदस्य, दाराजवळच्या खुर्चीवर बसणारा.

निवडून आला सरपंचांच्याच पॅनेलमधून. पण विरोधकांनी वाडीच्या शाळेला पत्रे मागितले, तेव्हा याचा हात त्यांच्या बाजूनं वर. सरपंचांनी मेव्हण्याच्या शेतापर्यंत डांबर मागितलं, तेव्हा "माझं न्हाई."

"आरं, तू नक्की कुनाचा?" सरपंच विचारायचे.

"हात माझा हाय, पॅनेलचा न्हाई. दोन बोटं गेली तेवडी बास."

सगळे हसायचे. मीही.

तुम्ही गावकरी त्याला 'पाणी विकणारा' म्हणून ओळखता. मला तुमचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

डोंगरातल्या वाडीचा झरा एका शहरी फार्महाउसवाल्याला कुंपणात हवा होता. ठराव आला, बाकी सगळे हो म्हणाले. हा उभा राहिला. "बाया पानी कुटनं आननार? माझं न्हाई लिवा. मोट्या अक्षरात लिवा."

आमची पद्धत अशी, की आल्या आल्या चहाबरोबर रजिस्टरवर सह्या घ्यायच्या. ठराव मागाहून लिहायचा. सभा उठल्यावर सरपंच म्हणाले, "अनुमोदक म्हनून त्याचंच नाव टाका. वाडी त्याला मानती, गप बसंल." माझी बदली त्यांच्या शब्दावर अडली होती. मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.' अनुमोदक, तो.

वाडीनं ठरावाची नक्कल काढली. एका म्हातारीनं भर बाजारात रिकामा हंडा त्याच्या पायाशी आपटला. "आमचं पानी इकलंस व्हय रं, मुडद्या?"

तो तडक माझ्याकडे आला. "भाऊसाहेब, माझं न्हाई लिवलं व्हतं न्हवं तुमी?"

"सही तुमचीच आहे," मी म्हणालो.

त्यानं दाराजवळची खुर्ची भिंतीला नीट लावली आणि गेला. पुन्हा आला नाही.

मी निवृत्त होऊन याच गावात राहिलो. यंदा तो वारला. दहाव्याला वाडीतलं एकही माणूस नव्हतं.

म्हणून परवाच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नवा ग्रामसेवक म्हणाला, "आजोबा, हा विषय पत्रिकेवर नाही." मागून कुणी म्हणालं, "सोडा की आता, गेलेल्या मानसाचं." सोडा? मी ओरडलो, "मग माझं न्हाई लिवा!"

दुसऱ्या दिवशी जाऊन रजिस्टर पाहिलं. 'सर्व विषय सर्वानुमते मंजूर. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.'

आणि माझी सही. आल्या आल्या, चहाबरोबर घेतलेली.